ऐरोलीत आयटीवाले नेमके किती?

आयटीचे दिवस भरले का, या प्रश्नावर ठाण्यापासून बेलापूरपर्यंत सध्या प्रत्येकाकडे ठाम मत आहे. एका गोटाचं म्हणणं, एआय आलं, आता पाच वर्षांत ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागणार. दुसरा गोट हसतो: हे दरवर्षी ऐकतोय, आणि दरवर्षी नोकऱ्या वाढतातच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं मनुष्यबळ २ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १२ हजारांनी, कमी करण्याचं जाहीर केलं तेव्हापासून आवाज आणखी चढले. कर्मचारी संघटना म्हणाल्या, खरा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. कंपनीनं ते फेटाळलं. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत पटसंख्या जवळपास २० हजारांनी घटलेली दिसली, तेव्हा त्यातले किती काढले आणि किती आपणहून गेले, यावर नवं भांडण सुरू झालं. एवढ्या गदारोळात हे आकडे मुळात येतात कुठून, असं मात्र फारसं कुणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आयटी बुडणार की तरणार, हे ठरवण्याच्या अवस्थेत आपण अजून नाही. कारण या देशानं आपल्या आयटी उद्योगातली माणसं कधी स्वतः, नीट, दरवर्षी मोजलेलीच नाहीत. दोन्ही गोट जे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकतात ते बहुतेक एकाच घरातून आलेले असतात, आणि ते घर उद्योगाच्या संघटनेचं आहे. तेव्हा पहिली मागणी हवी ती सरकारी मोजणीची. तीही देशाचा एक भलामोठा आकडा देऊन मोकळी होणारी नको. ठाणे किती, नवी मुंबई किती, कायम किती, कंत्राटी किती, हे सांगणारी हवी, आणि कुणालाही तपासता येईल अशी हवी.

ही संघटना म्हणजे नॅसकॉम. तिच्या फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजानुसार, संपत असलेल्या आर्थिक वर्षात उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर होती आणि कर्मचारी ५४ लाख ३० हजार. वर्षभरानं नवा अंदाज आला: उलाढाल २८२.६ अब्ज डॉलर, वाढ ५.१ टक्के, निव्वळ भर १ लाख २६ हजारांची, एकूण कर्मचारी ५८ लाख. आता कागद-पेन्सिल घ्या. २५४ वर ५.१ टक्के म्हणजे २६७. ५४ लाख ३० हजारांत १ लाख २६ हजार मिळवले तर होतात साडेपंचावन्न लाखांच्या आसपास. मधले सुमारे १६ अब्ज डॉलर आणि जवळजवळ अडीच लाख माणसं मागच्या वर्षाचा पाया बदलल्यामुळे आत आली, हे उघड आहे. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. व्याप्ती बदलते, नवी माहिती हाती येते, पाया सुधारावा लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडेही असेच सुधारले जातात. पण सरकारी मालिकेचा पाया बदलला की जुनी मालिका, नवी मालिका, दोन्ही जोडणारा गुणक, पद्धतीचं टिपण असं सगळं चव्हाट्यावर येतं आणि अर्थतज्ज्ञ महिनाभर त्याची साल काढतात. इथे अडीच लाख माणसं, म्हणजे एका मध्यम शहराची वस्ती, एका ओळीत सामावली गेली आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. आणि हाच आकडा पुढे आर्थिक पाहणीत, मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात, मंत्र्यांच्या भाषणात उतरतो. एकदा तिथे उतरला की तो सरकारी वाटू लागतो.

नॅसकॉमवर राग धरण्याचं कारण नाही. १९८८ साली ही संघटना उभी राहिली तेव्हा सॉफ्टवेअर हा उद्योग आहे हेच दिल्लीला पटवून द्यावं लागत होतं. सरकारी सांख्यिकी तेव्हा गिरण्या, साखर आणि सिमेंट मोजण्यात गर्क होती. या मंडळींनी सभासदांकडून माहिती गोळा केली, अंदाज बांधले, दरवर्षी वेळेवर छापले. ती मोजणी नसती तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या या उद्योगाच्या वाढीचा सलग आलेखही काढता आला नसता. शिवाय धंदा आतून ओळखणाऱ्या माणसाला ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर, म्हणजे परदेशी कंपनीनं स्वतःच्याच कामासाठी इथे काढलेलं केंद्र, काय असतं, ते नेहमीच्या आउटसोर्सिंगहून वेगळं कसं, हे सरकारी कारकुनापेक्षा आधी कळतं. हे सगळं मान्य. तरीही ज्याला करसवलती मागायच्या आहेत, व्हिसाधोरणावर बाजू मांडायची आहे, गुंतवणूकदारांना विश्वास द्यायचा आहे, त्यानं मोजलेला आकडा हा त्याच्या बाजूचा कागद असतो. साखर कारखान्यात ऊस आपला आणि काटा कारखान्याचा असला की शेतकरी काय बोलतो ते पश्चिम महाराष्ट्रात जाऊन ऐका. काटा खोटा असतोच असं नाही. तरी शेतकऱ्याला बाहेरचा काटा हवा असतो, आणि त्याचं चुकत नाही.

सरकारकडे काहीच नाही, असंही नाही. तुकडे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँक २००२-०३ पासून सॉफ्टवेअर आणि आयटी सेवांच्या निर्यातीची पाहणी करते. तिच्या हिशेबानं २०२३-२४ मध्ये, परदेशातल्या उपकंपन्यांचा धंदा वगळून, ही निर्यात १९०.७ अब्ज डॉलर झाली. हा आकडा बऱ्यापैकी चोख मिळतो, कारण परकीय चलन हा देशाच्या जिवाचा प्रश्न मानला गेला आणि त्याच्या मोजणीची यंत्रणा उभी राहिली. डॉलर मोजण्याची जी तत्परता आपण दाखवली ती ते डॉलर कमावणाऱ्या माणसांच्या वाट्याला आली नाही.

२०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा डिजिटल अर्थव्यवस्थेच्या मोजमापाचा अहवाल आला, इक्रिअर या संशोधन संस्थेनं तयार केलेला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नात ११.७४ टक्के होता आणि तीत १ कोटी ४६ लाख ७० हजार माणसं काम करत होती. काम स्वागतार्ह आहे. पण वाचक म्हणून माझ्यासमोर आता ५८ लाख आणि जवळपास दीड कोटी असे दोन आकडे आहेत, आणि दोन्ही ‘आपल्या डिजिटल क्षेत्रातला रोजगार’ म्हणून बातम्यांत फिरतात. दुसऱ्यात दूरसंचार आहे, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं उत्पादन आहे, डिजिटल मंच आहेत, पारंपरिक उद्योगांतलं डिजिटल काम आहे. पहिल्यात यातलं बरंच नाही. दोन्ही बरोबर असू शकतात. पण ज्याला जो सोयीचा तो उचलायचा, असंच आपल्याकडे चालू आहे.

आकड्यांच्या सीमा कुठे पडतात ते पाहायचं तर महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमधली कुठलीही इमारत मनातल्या मनात मजल्यामजल्यानं चढून पाहा. देशाच्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात, म्हणजे २००८ च्या एनआयसीमध्ये, ‘माहिती आणि संदेशवहन’ हा विभाग ५८ ते ६३ या क्रमांकांचा. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी ६२ मध्ये. डेटा सेंटर ६३ मध्ये. पण त्याच विभागात ५९ क्रमांकाला चित्रपटनिर्मिती आणि ६० ला वाहिन्याही आहेत, त्यामुळे सबंध विभागाची बेरीज घेतली तर मालिकांचे निर्माते आयटीवाले ठरतात. याउलट वरच्या मजल्यावरचं कॉल सेंटर ८२ मध्ये, कार्यालयीन साहाय्य सेवांच्या गटात; म्हणजे वर्गीकरणाच्या लेखी ते आयटी नाहीच, नॅसकॉमच्या लेखी मात्र आहे. त्याच्या शेजारी एखाद्या परदेशी बँकेचं तंत्रज्ञान केंद्र असेल, तर ते स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदलं आहे की बँकेचाच एक भाग म्हणून, यावर तिथले शेकडो प्रोग्रॅमर आयटीत पडणार की बँकिंगमध्ये हे ठरतं. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच क्लायंटच्या कामावर, पण मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर असलेली मुलं? भविष्य निर्वाह निधी संघटना दरमहा जी आकडेवारी देते तीत ती ‘एक्स्पर्ट सर्व्हिसेस’ नावाच्या खान्यात जातात, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार यांच्या सोबत. त्या खान्याचा आकार दरमहा सर्वांत मोठ्या खान्यांपैकी एक असतो, आणि बातम्यांत तो ‘औपचारिक रोजगारात वाढ’ म्हणून झळकतो.

हा शेवटचा वर्ग महत्त्वाचा आहे, कारण मंदीची पहिली झळ त्यालाच लागते. कायम नोकरीतल्या माणसाला काढताना नोटीस, तडजोड, एचआरच्या बैठका असं काही तरी होतं. थर्ड पार्टी पेरोलवरच्या मुलाचं कंत्राट फक्त पुढे वाढवलं जात नाही. तो कुठल्याच कंपनीच्या कपातीत मोजला जात नाही, कारण तो तिचा कधी नव्हताच. शिवाय कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची कायद्यातली तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती राहिली; आयटी कार्यालयं तिच्या बाहेर. त्यामुळे टीटीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, एखादा मोठा रासायनिक कारखाना बंद होतो तेव्हा कामगार खात्यात निदान फाईल तयार होते. रस्त्यापलीकडच्या आयटी पार्कमधला अख्खा मजला रिकामा झाला तर त्याची नोंद चहावाल्याच्या उधारीच्या वहीखेरीज बहुधा कुठे होत नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्याचंच उदाहरण इथे बोलकं आहे. साठच्या दशकापासून इथे एमआयडीसीचे कारखाने आले: रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग. त्यांची मोजणी वार्षिक उद्योग पाहणीत होत आली. ही पाहणी १९५९ पासून चालू आहे. कारखाना कायद्याखाली नोंद असलेल्या कारखान्याला त्यासाठी माहिती द्यावीच लागते: कामगार किती, त्यांतले कंत्राटी किती, वेतन किती, मूल्यवर्धन किती. पुढे यांतले कित्येक कारखाने बंद पडले किंवा हलले आणि त्या भूखंडांवर आयटी पार्क उभे राहिले. जमीन तीच, एमआयडीसी तीच, कामावर येणारी माणसं बहुधा पूर्वीपेक्षा जास्त. पण कारखाना जाऊन कार्यालय आलं त्या दिवशी तो भूखंड देशाच्या वार्षिक मोजणीतून बाहेर पडला. सेवाक्षेत्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक झालं तरी त्याच्यातल्या कंपन्यांसाठी अशी दरवर्षीची पाहणी आपण सुरू केली नव्हती. हा दोष अमुक एका सरकारचा नाही. सगळ्यांनीच तो सांभाळून पुढच्याच्या हाती दिला.

अशा मोजणीनं होतं काय, असं विचारणाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहावा. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, १९१९ आणि १९२० साली मोठे संप झाले, आणि कामगाराचा खर्च नेमका किती वाढला हे सांगणारा तटस्थ आकडा कुणाकडे नव्हता. गिरणीमालकांची संघटना १८७५ पासून होती; तिच्याकडे आकडे होते, पण ते मालकांचे. १९२१ मध्ये मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं, कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली, वेतनाच्या पाहण्या केल्या. ते काही कामगारांच्या प्रेमापोटी नव्हतं, औद्योगिक शांतता हवी होती म्हणून होतं. पण परिणाम पाहा. पुढे महागाई भत्ता या निर्देशांकाला जोडला गेला, आणि १९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या त्या थेट निर्देशांकाविरुद्ध. त्यांचा आरोप होता की निर्देशांक महागाई कमी दाखवतो, त्यामुळे भत्ता बुडतो. सरकारला प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि समितीनं निर्देशांक खरोखरच कमी दाखवत असल्याचा निर्वाळा दिला. भत्ता वाढला.

सांख्यिकीच्या चुकीवर शहर हलवणं का शक्य झालं? निर्देशांकात कोणत्या वस्तू आहेत, त्यांना किती भार आहे, भाव कुठून घेतले, हे छापलेलं होतं म्हणून. सरकारी आकडा चुकीचा होता, पण तो चुकीचा असल्याचं सिद्ध करता येत होतं. दादाभाई नौरोजींनी याच वाटेनं इंग्रजांना पेचात पकडलं होतं: सरकारच्याच प्रांतिक अहवालांतली पिकं आणि भाव जुळवून त्यांनी हिंदुस्थानातलं दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपयांच्या घरात असल्याचं मांडलं. आज ऐरोलीतल्या एखाद्या कर्मचारी संघटनेनं ‘५८ लाख’ खोडून काढायचं ठरवलं, किंवा एखाद्या आशावादी विश्लेषकानं तो आकडा कमीच आहे असं दाखवायचं ठरवलं, तर दोघांनी सुरुवात कुठल्या तक्त्यापासून करायची?

आता सगळ्यांत जोरदार आक्षेप. सरकारी मोजणीचं कौतुक कुणाला सांगता? जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, रोजगाराचा अहवाल रोखून धरल्याचा मुद्दा त्यामागे होता. त्याच वर्षी २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी सरकारनं बाजूला ठेवली. देशातल्या आस्थापना मोजणारी सातवी आर्थिक गणना झाली, पण तिचे निकाल बाहेर आलेच नाहीत. २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली. म्हणजे गैरसोयीचा आकडा दडवण्याची खोड सरकारलाही आहे; उद्योग संघटना निदान दर फेब्रुवारीत काहीतरी हातात ठेवते. सेवाक्षेत्राचीच कथा घ्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ साली, कंपनी मंत्रालयाच्या यादीतून सेवा कंपन्या निवडून त्यांच्या दारी माणसं पाठवली गेली. यादीतल्या एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एक तर पत्त्यावर सापडल्या नाहीत, बंद निघाल्या, किंवा नोंदीतल्यापेक्षा भलताच धंदा करणाऱ्या निघाल्या. ज्यांना स्वतःच्या यादीतल्या कंपन्या सापडत नाहीत ते आयटीची माणसं कशी मोजणार?

या आक्षेपातला प्रत्येक तपशील खरा आहे. पण हे तपशील आपल्याला कळले कसे, तेही बघा. ७४ व्या फेरीची फजिती सरकारी तांत्रिक अहवालानंच सांगितली. आयोगाचे राजीनामे बातमी झाले, कारण तिथे जाहीर कर्तव्य होतं आणि ते मोडलं गेलं. दडपलेल्या अहवालाबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो, अर्थतज्ज्ञ सह्यांचं पत्रक काढू शकतात. खासगी संघटनेनं एखादं वर्ष रोजगाराचा आकडा छापायचाच नाही असं ठरवलं, तर तो तिचा हक्क आहे. हा फरक मला लहान वाटत नाही. आणि सरकारी यंत्रणा बिघडली आहे म्हणून ती सोडून द्या, हा तर्क आपण इस्पितळं किंवा शाळांच्या बाबतीत लावतो तेव्हा काय होतं ते ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

शिवाय सांख्यिकी मंत्रालय हलू लागलं आहे, हेही मान्य करायला हवं. सेवाक्षेत्रातल्या कंपन्यांची वार्षिक पाहणी कशी करता येईल याचा प्रायोगिक अभ्यास २०२४ मध्ये झाला, जीएसटीची नोंदणी यादी त्यासाठी वापरली गेली, आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पाहणीचं नियोजन जाहीर झालं. उशिरा का होईना, हे योग्य दिशेचं पाऊल आहे. माझी भीती वेगळी आहे. नमुना पाहणीतून देशाचं आणि फार तर राज्याचं चित्र मिळेल. महाराष्ट्राच्या आयटीचं चित्र म्हणजे पुणे अधिक आपण. हिंजवडीत भरती आणि ऐरोलीत कपात एकाच वर्षी झाली, तर राज्याच्या आकड्यात सगळं शांत दिसेल.

छोट्या कंपन्यांवर आणखी एका फॉर्मचं ओझं कशाला, हा दुसरा आक्षेप. वागळे इस्टेटमध्ये गाळा घेऊन पंधरा माणसांची कंपनी चालवणारा उद्योजक हे बोलतो तेव्हा त्याची चीड खोटी नसते. जीएसटी, टीडीएस, पीएफ, ईएसआयसी, गुमास्ता यांच्या तारखा सांभाळता सांभाळता त्याचा एक माणूस खर्ची पडतो. पण मी नवा फॉर्म मागतच नाही. माहिती सरकारदरबारी आधीच पडून आहे. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो कापणारी प्रत्येक आस्थापना राज्याकडे विवरणपत्र भरते. म्हणजे कुठल्या मालकाकडे किती पगारदार आहेत याची मोजणी राज्याचं वस्तू आणि सेवा कर खातं वर्षानुवर्षं करतंच आहे, फक्त कर गोळा करण्यासाठी. तीत भोकं आहेत: दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे, त्यामुळे कॉल सेंटरमधल्या अनेक मुली तीत येणार नाहीत. त्या पीएफच्या नोंदीत येतील. दोन याद्या एकमेकींना पूरक आहेत. नावं झाकून, बेरजा करून त्या छापायला तंत्रज्ञानाची अडचण आहे, असं निदान आयटी उद्योगाबद्दल बोलताना कुणी म्हणू नये.

गोपनीयतेचं म्हणाल तर २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा एकेका आस्थापनेची माहिती उघड करायला मनाई करतोच, आणि वार्षिक उद्योग पाहणीनं दशकानुदशकं कुणाचं गुपित फोडलेलं नाही. गंमत अशी की यातलं पुष्कळसं अमेरिकेत केव्हाच उघडं आहे. एखाद्या भारतीय कंपनीला एका वर्षात किती एच-वन-बी व्हिसे मंजूर झाले ते अमेरिकी सरकार कंपनीच्या नावासह प्रसिद्ध करतं. त्या व्हिशांसाठी कामगार खात्याकडे जे अर्ज होतात त्यांत प्रत्यक्ष कामाचं शहर आणि देऊ केलेलं वेतनसुद्धा असतं, आणि तेही जाहीर होतं. आपल्या कंपन्या तिथे ही माहिती बिनबोभाट देतात. म्हणजे ऐरोलीहून डॅलसला गेलेला मुलगा कुठे आणि किती पगारावर काम करायला गेला हे कुणालाही शोधता येतं. त्याच्या शेजारच्या डेस्कवर राहिलेला मुलगा मात्र कुठल्याच सरकारी तक्त्यात सापडत नाही.

तिसरा आक्षेप सीमारेषेचा: आज प्रत्येक कंपनीच आयटी कंपनी झाली आहे, मग उद्योग म्हणून मोजायचं कुणाला? प्रश्न रास्त आहे, उत्तरही जुनंच आहे. उद्योगाचं वर्गीकरण वेगळं आणि व्यवसायाचं वेगळं. दुसऱ्यासाठी २०१५ चं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण आहे, त्यानुसार बँकेतला प्रोग्रॅमर प्रोग्रॅमरच राहतो. दोन्ही बाजूंनी मोजा आणि दोन्ही छापा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत दूरसंचार, प्रोग्रॅमिंग आणि संगणकीय पायाभूत सेवा हा गट चित्रपट-वाहिन्यांपासून वेगळा काढला आहे. आपलं वर्गीकरणही त्या वाटेनं गेलं की निम्मा घोळ मिटेल.

हे सगळं अभ्यासकांचं भांडण आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरात बहुधा बारावीचं मूल नसावं. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं २०२४-२५ पासून अभियांत्रिकीच्या शाखांतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. कॉलेजांनी काय केलं असेल ते उघड आहे: स्थापत्य आणि मेकॅनिकलकडे पाठ, कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्यांवर तुकड्या. ठाण्यातला मध्यमवर्गीय बाप कर्ज काढून त्या जागा घेतो आहे, आणि त्याच्या हातात काय आहे? एक राष्ट्रीय अंदाज, कॉलेजच्या माहितीपत्रकातली प्लेसमेंटची टक्केवारी आणि मेव्हण्याचं मत. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाला या पट्ट्यात पहिल्या नोकरीच्या जागा वाढताहेत की आटताहेत, एवढं तरी त्याला कळायला नको का? हा प्रश्न एआयच्या भवितव्याहून कितीतरी सोपा आहे आणि त्याचं उत्तर नोंदींत पडलेलं आहे.

राज्य सरकारनं तर हे आकडे स्वतःसाठीच मागायला हवेत. आयटी धोरणाखाली वाढीव चटईक्षेत्र, वीजशुल्क आणि मुद्रांक शुल्कातल्या सवलती गेली कित्येक वर्षं दिल्या जात आहेत. त्यांचं समर्थन नेहमी रोजगाराच्या नावानं होतं. आता त्याच पट्ट्यात डेटा सेंटरं येत आहेत. रबाळे, महापे, ऐरोली भागातल्या त्या खिडक्या नसलेल्या इमारती प्रचंड भांडवल आणि वीज खातात, आणि उभारणी संपली की पाळीला मोजकी माणसं लागतात. सामंजस्य करारांच्या बातम्यांत मात्र गुंतवणूक आणि रोजगार शेजारी शेजारी छापले जातात, जणू दोन्ही एकाच मापात वाढतात. त्यांतला रोजगार पुढे खरोखर उभा राहिला का, हे तपासायला कुणी परत जात नाही, कारण जाऊन पाहायचं कुठे? वाहतुकीचंही तेच. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग वर्षानुवर्षं रखडलेला आहे. डोंबिवली-कल्याणहून ऐरोलीला येणारा माणूस ठाण्याला उतरतो आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत पुन्हा घुसतो. त्या मार्गाची निकड ठरवताना रेल्वेकडे तिकिटांचा आकडा असतो; कामाच्या ठिकाणांचा नसतो.

मोजायचं कुठल्या चौकटीत, हा मात्र खरोखर अवघड भाग आहे. प्रसिद्ध झालेली शेवटची आर्थिक गणना २०१३ ची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसई-विरार आणि पालघर होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे तो जुना आकडा आजच्या ठाण्याला लागू पडत नाही. नवी मुंबई तर जिल्हाच नव्हे: ऐरोली ते बेलापूर ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात. रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सरकारी नियमित श्रमबल पाहणीनं जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा घटक धरला, ही सुधारणा आहे. पण ती पाहणी माणसाला त्याच्या घरी गाठते. कल्याणला राहून महापेला काम करणारा तीत कल्याणचा.

म्हणून माझी मागणी पिनकोडची आहे. ४००७०८, ४००७१०, ४००६०४ अशा कामाच्या ठिकाणांच्या पिनकोडनुसार, दर तिमाहीला, पीएफ आणि व्यवसाय कराच्या नोंदींतून उद्योगनिहाय पगारदारांची संख्या राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयानं छापावी. त्यात एक अडथळा आहे, तो आधीच सांगतो. मोठी कंपनी सगळ्या राज्याचं विवरणपत्र एकाच नोंदणीवर भरू शकते, आणि मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी आपला अंधेरीचा नाहीतर बंगळुरूचा पत्ता देते. तसंच चालू राहिलं तर ऐरोलीतली हजारो माणसं कागदावर अंधेरीत कामाला जातील. उपाय म्हणून आहे त्याच विवरणपत्रात दोन रकाने वाढवावे लागतील: कर्मचारी प्रत्यक्ष बसतो त्या जागेचा पिनकोड, आणि कंत्राटी असेल तर ज्याच्या कामावर आहे त्या आस्थापनेचा नोंदणी क्रमांक. पहिल्या रकान्याला फारसा विरोध होईल असं वाटत नाही. दुसऱ्याला होईल.